बर्टनचा कडू पेला

मराठीत ‘कडू’ हा शब्द चांगल्या बातमीबरोबर सहसा येत नाही. कडू बोल, कडू अनुभव, कडू औषध अशीच त्याची सोबत असते. कारल्याची भाजीदेखील गुळाचा खडा पडल्याखेरीज ताटात मान मिळवीत नाही. आणि आम्हा ख्रिस्ती माणसांसमोर कडू पेला म्हटला की गेथशेमनीची बाग उभी राहते. तेव्हा एक अख्खे राष्ट्र ज्या पेयाला प्रेमाने ‘बिटर’, म्हणजे सरळसरळ ‘कडू’ म्हणते आणि पावणेदोनशे वर्षे ते आवडीने पिते, त्याविषयी आम्हांला कुतूहल वाटल्यास वाचकांनी नवल करू नये.

हे कुतूहल पुरे करण्याचा योग इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात आला. आमचा पुतण्या तिकडे डर्बीच्या एका रुग्णालयात परिचारक आहे. रविवारच्या मिस्सानंतर तो आम्हांला डोंगराळ भागातील बेकवेल या गावाकडे घेऊन गेला. तेथील एका जुन्या पबमध्ये त्याने आमच्यासाठी थॉर्नब्रिज या ब्रुअरीचे ‘लॉर्ड मार्पल्स’ नावाचे बिटर मागविले, तेही अर्धा पाइंट. “काका, फार थंड नसेल हं,” त्याने आधीच बजावले, “आणि फेसही बेताचाच. पहिल्या घोटाला नाव ठेवू नका.” त्याला स्वतःला त्या रात्री रात्रपाळी होती, त्याने लिंबू-सोडा घेतला.

या विषयावर या पृष्ठांत लिहावे की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. दारूने बसलेली घरे आम्ही आमच्या धर्मग्रामात पाहिली आहेत. अंत्यविधीला उभे राहिलो आहोत आणि चाळिशीच्या आत विधवा झालेल्या बहिणींचे डोळे पाहिले आहेत. तेव्हा हा लेख कोणाच्या हाती पेला देण्यासाठी नाही. परंतु या पेयाच्या इतिहासात मठ आहेत, संत आहेत, एक कार्डिनल आहेत, आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आहेत, आणि माप कोणी ठरवावे हा जुना प्रश्न आहे. तो इतिहास अर्धवट सांगितला जातो, कधी आपल्याच लोकांकडून फार गोड करून सांगितला जातो, म्हणून लिहिणे भाग पडले.

प्रथम चवीविषयी. पेल्यातील रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा होता. तळघरात ११ ते १३ अंश सेल्सियसला ठेवलेल्या पिंपातून हातपंपाने ओढून काढलेले हे पेय आपल्याकडच्या बाटलीसारखे दातांना झोंबत नाही. जिभेवर आधी येतो तो धान्याचा स्वाद, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. मग थोडा संत्र्याच्या मुरंब्याचा भास होतो. कडूपणा शेवटी येतो, आणि तो घोट गिळल्यावर येतो. मेथीची भाजी खाऊन पाणी प्यावे तशी ती चव घशाच्या कडेला रेंगाळते आणि तोंड कोरडे करून जाते. पहिला घोट आम्हांला आवडला नाही, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या घोटापासून मात्र आम्ही बोलणे थांबवून पिऊ लागलो. मद्याचे प्रमाण होते शेकडा ४. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत ते ६ ते ८ पर्यंत असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

हा कडूपणा येतो हॉप या वेलाच्या फुलांतून. वेल उंच बांबूंवर आणि तारांवर चढवितात, आणि त्याच्या कोनासारख्या फुलांत पिवळी, राळेसारखी पूड असते. बिअरमध्ये हॉप घालण्याचा उल्लेख शोधत मागे गेले की पाय थेट मठाच्या दारात जाऊन थांबतात. उत्तर फ्रान्समधील कॉर्बी मठाचे मठाधिपती संत अडालहार्ड यांनी ८२२ साली आपल्या मठाच्या कारभारासाठी जे नियम लिहिले, त्यांत हॉप गोळा करण्याविषयी आणि बिअरविषयी उल्लेख सापडतो. पुढे बाराव्या शतकात जर्मनीतील बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात हॉपची नोंद केली. हा वेल माणसाला उदास करतो, असे त्यांचे मत होते, पण त्याचा कडूपणा पेयाला नासू देत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले. २०१२ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्ड यांना ‘ख्रिस्तसभेच्या आचार्या’ ही पदवी दिली, तेव्हा हॉपची आठवण फार थोड्यांना झाली असेल. कडूपणा प्रथम आला तो चवीसाठी नव्हे, टिकविण्यासाठी. आपल्या आजीने लोणच्यात मीठ घातले तसा.

इंग्लंडात मात्र हॉप उशिरा पोहोचला. तेथे शतकानुशतके ‘एल’ पीत, आणि एल म्हणजे हॉपविना केलेले, गोडसर, दाट, चार दिवसांत आंबट होणारे पेय. फ्लँडर्सच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी पंधराव्या शतकात हॉप घातलेली ‘बिअर’ आणली, तेव्हा ती परक्यांची म्हणून इंग्रजांनी नाके मुरडली. पुढे केंट परगणा हॉपच्या मळ्यांनी भरून गेला. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लंडनच्या ईस्ट एंडमधील गरीब कुटुंबे, त्यांत पुष्कळशी आयरिश कॅथॉलिक, सप्टेंबरात पोराबाळांसह केंटला हॉप खुडायला जात. त्यांची सुट्टी ती तीच आणि वरकमाईही तीच. जॉर्ज ऑर्वेल १९३१ साली त्यांच्यात मिसळून हॉप खुडायला गेला होता आणि त्याने त्यावर लिहिले आहे. १९६० च्या दशकापर्यंत यंत्रे आली आणि ही सुगी संपली.

आता बर्टन. ट्रेंट नदीकाठचे बर्टन हे गाव म्हणजे बिटरचे माहेर. या गावाची कथा सुरू होते संत मॉडवेन या साध्वीपासून. दंतकथा अशी की त्या आयर्लंडहून आल्या आणि नदीतील अँड्रेसी नावाच्या बेटावर त्यांनी एक देवालय बांधले. त्यांच्या नावाच्या विहिरीच्या पाण्याला लोक गुणकारी मानीत. अकराव्या शतकाच्या आरंभी वुल्फ्रिक स्पॉट या सरदाराने तेथे बेनेडिक्टाइन मठ स्थापिला आणि १००४ साली राजा एथेलरेड याने त्याला सनद दिली. मठात बिअर गाळली जात होती यात शंका नाही. १२९५ सालचा एक दस्तऐवज आहे. शॉबनॉल येथील निकोलस याची कन्या मटिल्डा हिने काही मालमत्ता मठाला दिली आणि त्या बदल्यात तिला हयातभर रोज मठाचे दोन पांढरे पाव आणि दोन गॅलन ‘मठाची बिअर’ देण्याचे ठरले. दोन गॅलन म्हणजे आजच्या हिशेबाने नऊ लिटर! एकट्या बाईने एवढे कशासाठी, असे विचारू नये. घरात माणसे होती, चाकर होते, आणि त्या काळी हलकी बिअर हे पिण्याचे पेय तसेच अन्नही होते. ज्याला आज आपण पेन्शन म्हणू, ती तिने पाव आणि बिअर या रूपात घेतली.

येथे आपल्या काही लेखकांची लेखणी घसरते. “बिटर ही मठवासीयांची देणगी” असे ठोकून दिले जाते. आम्हांला ते पटत नाही. बर्टनच्या मठात गाळली जाई ती हॉपविना केलेली एल. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ विसर्जित झाला आणि पुढे त्याची मालमत्ता विल्यम पॅजेट या दरबारी मुत्सद्द्याकडे गेली. आपण ज्याला बिटर म्हणतो, ते त्यानंतर तीनशे वर्षांनी जन्मले. मठाने मागे ठेवले ते दोनच: पाण्याची जाण, आणि मापाची आठवण.

मापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा चाळिसावा अध्याय पेयाच्या मापावर आहे. तो वाचताना हसू येते आणि आदरही वाटतो. खरे पाहता मठवासीयाने मद्य घेऊच नये असे संतांचे मत; पण आपल्या काळातील मठवासी हे ऐकायचे नाहीत, हे ओळखून ते रोजचे एक लहानसे माप ठरवून देतात आणि निदान तृप्तीच्या पलीकडे जाऊ नये असे सांगतात. ज्यांना मुळीच न घेण्याची शक्ती देवाने दिली आहे त्यांना त्याचे वेगळे फळ मिळेल, असेही ते जोडतात. मनुष्यस्वभाव ओळखणाऱ्या वडिलधाऱ्याचा हा सूर आहे. रोमन विधिग्रंथात बिअरवर आशीर्वाद मागण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे, हेही याच सुरातले.

पाण्याची गोष्ट वेगळी. बर्टनमधील दारूगाळे नदीचे पाणी वापरीत नसत, विहिरींचे वापरीत. जमिनीखाली जिप्समचे थर आहेत आणि त्यांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असते. अशा पाण्यात गाळलेली बिअर फिकट, स्वच्छ होते आणि हॉपचा कडूपणा त्यात कोरडा, टोकदार उतरतो. ताज्या बर्टन बिअरला गंधकाचा किंचित वासही येतो. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी हे गुपित उकलले आणि आज जगभर ब्रुअरींत पाण्यात जिप्सम मिसळून ‘बर्टनचे पाणी’ केले जाते. पण १८२२ साली हे कोणाला माहीत नव्हते.

१८२२ चे महत्त्व असे. तोवर बर्टनची बिअर, गोड आणि जड अशी, बाल्टिक समुद्रमार्गे रशियात जाई. रशियाने जकात वाढविली आणि हा धंदा बसला. दुसरीकडे लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची फिकट, कडू एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईला येत होती. जहाजांच्या कप्तानांना उधारी मिळे, गोद्या जवळ होत्या, म्हणून हॉजसनची चलती होती. परंतु पुढच्या पिढीने जादा लोभ केला. तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉप याला जेवणावेळी सुचविले की, तुम्हीच तशी एल का करीत नाही? ऑलसॉपने नमुना मागवून घेतला आणि आपल्या जॉब गुडहेड नावाच्या माणसाला दिला. गुडहेडने म्हणे पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला. किटलीची गोष्ट बर्टनमध्ये आवडीने सांगतात. आम्हीही ती आवडीनेच सांगत आहोत.

एवढे खरे, की त्या पाण्यात ही एल हॉजसनच्या एलपेक्षा सरस उतरली. चार ते सहा महिने केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून पिंपे मुंबई बंदरात येत तेव्हा ती स्वच्छ आणि चुरचुरीत निघे. ‘इंडिया पेल एल’ हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली, ही लोकप्रिय समजूत मात्र तितकीशी खरी नाही. जास्त हॉप घालून टिकाऊ बिअर करण्याची रीत इंग्लंडात आधीपासून होती. आणखी एक गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही: फिकट एल साहेब लोकांच्या मेजावर जाई; गोऱ्या शिपायांसाठी येई ती काळी, स्वस्त पोर्टर, आणि तीही प्रचंड प्रमाणात. बॅरेकींत दारूने मेलेल्या शिपायांच्या कबरी हिंदुस्थानभर विखुरल्या आहेत.

१८३९ साली बर्टनला रेल्वे आली आणि तीच फिकट एल घरच्या बाजारात पोहोचू लागली. कारखानदार तिला ‘पेल एल’च म्हणत. पण गिऱ्हाईक आत येई आणि गोडसर ‘माइल्ड’ नको म्हणून सांगताना म्हणे, “बिटर द्या.” हे नाव कोणी जाहिरातीत बसून शोधले नाही, ते बाकावर बसणाऱ्यांनी दिले. १८७७ पर्यंत बर्टनची बास कंपनी वर्षाला दहा लाख पिंपे गाळीत होती. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाखालच्या तळघरात बर्टनची पिंपे ठेवावयाची होती. म्हणून १८६८ साली उघडलेल्या त्या स्थानकाच्या लोखंडी खांबांमधले अंतर अभियंता बार्लो याने बिअरच्या पिंपांच्या मापावर ठरविले. आज तेथून पॅरिसच्या गाड्या सुटतात आणि प्रवासी त्या खांबांमधून सामान ओढीत जातात.

याच काळात बर्टनमध्ये ‘युनियन’ नावाची रचना रूढ झाली. तिचे पेटंट पीटर वॉकर याने १८३८ साली घेतले होते. ओळीने आडवी मांडलेली ओकची मोठी पिंपे, प्रत्येकाच्या माथ्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली नळी, आणि वर एक लांब पन्हळ. बिअर आंबत असताना यीस्ट फेसाबरोबर नळीतून वर चढते आणि पन्हळीत जाऊन पडते. यीस्ट तेथे राहते, बिअर निथळून पुन्हा खाली पिंपांत येते. ज्यांच्या घरी सांदणांसाठी ताजी माडी वापरीत, त्यांना ते फुगणे डोळ्यांसमोर येईल. पद्धत खर्चिक, पिंपे दुरुस्त करणारे कारागीर सतत हाताशी हवेत, पण यीस्ट निरोगी राहते आणि बिअर नितळ.

नितळपणाचा विषय निघाला म्हणून आपल्या किनाऱ्याकडे वळू. पिंपातील बिटर जिवंत असते. तिच्यात यीस्ट शिल्लक असते आणि पबच्या तळघरात ती पुन्हा थोडी आंबते. ते यीस्ट तळाशी बसविण्यासाठी इंग्रज ‘आयसिंग्लास’ वापरीत, म्हणजे माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. प्रथम तो रशियातील स्टर्जन माशापासून येई आणि महाग पडे. मग दृष्टी वळली हिंदुस्थानकडे. जॉन फॉर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ साली लंडनमध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आयसिंग्लासच्या उत्पादनाविषयी पुस्तकच प्रसिद्ध केले. मुंबईहून वाळविलेल्या माशांच्या पिशव्या परदेशी जाऊ लागल्या. आपले कोळी बांधव ज्याला बोत म्हणतात, तीच ही वस्तू. २०२१ साली पालघरच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमाराच्या जाळ्यात दीडशेच्या वर घोळ सापडले आणि ते सव्वा कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले, ही बातमी वाचकांना आठवत असेल. ती किंमत मांसाची नव्हती, बोताची होती. लंडनच्या बाकावर बसून कोणी पेला उजेडाकडे धरून “किती स्वच्छ!” म्हणत असे, तेव्हा त्या स्वच्छतेत आपल्या समुद्राचाही वाटा असू शकत होता. कोळ्याला त्यातले किती मिळाले असेल, हा हिशेब वेगळा.

येथवरचा इतिहास गोड आहे. आता दुसरी बाजू. कारखाने वाढले तसे पब वाढले आणि आठवड्याचा पगार शनिवारी रात्रीच संपू लागला. इंग्लंडातील आयरिश कॅथॉलिक मजूर हे यात सर्वांत जास्त भरडले गेले. आयर्लंडमध्ये कॉर्क येथील कपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि काही वर्षांत लाखो लोकांनी त्यांच्यापुढे प्रतिज्ञा घेतली. इंग्लंडात वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल मॅनिंग यांनी १८७० च्या दशकात ‘लीग ऑफ द क्रॉस’ स्थापिली. ते स्वतः मद्य घेत नसत. १८८९ च्या लंडनमधील गोदी कामगारांच्या संपात त्यांनी मध्यस्थी केली, तेव्हा कामगारांनी त्यांचे ऐकले, कारण हा म्हातारा आपल्या घरातील दुःख जाणतो हे त्यांना ठाऊक होते. आता एक पाय बेनेडिक्टच्या चाळिसाव्या अध्यायात आणि दुसरा मॅनिंगच्या प्रतिज्ञेत, अशी कॅथॉलिक माणसाची स्थिती आहे. आम्हांला स्वतःला त्यात विरोध दिसत नाही. ज्याला माप पाळता येते त्याला पहिला मार्ग, ज्याच्या घरात माप फुटले आहे त्याला दुसरा. आणि आपण कोणत्या घरातले, हे बायकोमुलांना विचारावे, स्वतःला नव्हे.

बिटर आज हलकी आहे, ती मात्र संतांमुळे नव्हे, महायुद्धामुळे. १९१५ साली ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज म्हणाले की आपण जर्मनीशी, ऑस्ट्रियाशी आणि दारूशी लढत आहोत, आणि तिघांत दारू हा शत्रू मोठा. पबच्या वेळांवर बंधने आली. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती १९८८ पर्यंत टिकली. कार्लाइल भागात सरकारने १९१६ साली ब्रुअरी व पब स्वतःच ताब्यात घेतले. धान्य वाचवावयाचे होते, कर वाढले होते, म्हणून बिअर पातळ करण्यात आली. युद्धापूर्वी तिचे सरासरी विशिष्ट गुरुत्व १.०५२ च्या आसपास होते, ते युद्धाच्या शेवटी १.०३० पर्यंत उतरले. नंतर ते थोडे चढले, पण जुन्या पातळीला कधीच आले नाही. लोकांनी प्रथम कुरकुर केली आणि मग त्यांना त्याचीच सवय झाली. तीन पेले घेऊन शुद्धीवर घरी जाता येते, अशी बिअर इंग्रजांच्या जिभेवर बसली. धर्मोपदेशाने जे पुरते साधले नाही ते करआकारणीने साधले, हे आम्हा उपदेशप्रिय मंडळींना थोडे झोंबणारे आहे.

पुढचे संकट आले ते सोयीच्या वेषात. जिवंत बिअर सांभाळणे म्हणजे त्रास. पिंप किती दिवस बसवावे, कधी उघडावे, नळ्या कशा धुवाव्या, हे पबवाल्याला कळले पाहिजे, आणि पिंप उघडले की तीन-चार दिवसांत संपले पाहिजे. १९६० च्या दशकात सहा मोठ्या कंपन्यांनी ब्रिटनचा बहुतेक बाजार गिळला आणि ‘केग’ बिअर पुढे रेटली. ही बिअर गाळून, तापवून, यीस्ट मारून, धातूच्या डब्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबाखाली भरलेली. ती बिघडत नाही. तिला चवही फारशी नसते. ‘वॉटनीज रेड बॅरल’ हे नाव इंग्लंडात अजूनही थट्टेचा विषय आहे.

१९७१ साली मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीज, जिम माकिन आणि बिल मेलर हे चार तरुण सुट्टीसाठी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला केरी परगण्यात गेले आणि तेथील एका पबमध्ये बसून त्यांनी चांगली बिअर वाचविण्याची संघटना काढली. सुरुवातीला तो अर्धा विनोद होता. पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने तिचे हजारो सभासद झाले. त्यांनी कारखाने विकत घेतले नाहीत की कायदा केला नाही. जेथे पिंपातील बिटर मिळते त्या पबांची यादी छापली, तेथे गेले आणि पैसे देऊन प्याले. ग्राहकांच्या चळवळीला इतके यश क्वचितच आले असेल. २००२ साली छोट्या ब्रुअरींना करात सवलत मिळाली आणि ज्यांना आज क्राफ्ट ब्रुअरी म्हणतात असे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. आम्ही ज्यांचे बिटर चाखले ते थॉर्नब्रिज २००५ साली एका जुन्या हवेलीच्या आवारात सुरू झाले. त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या बिअरचे नाव ‘जयपूर’ आहे. ती तेज असते, शेकडा ५.९. पुतण्याने ती आमच्यापासून दूरच ठेवली.

मठवासीही या काळात परतले. बर्टनपासून फार दूर नसलेल्या लेस्टरशायरमध्ये माउंट सेंट बर्नार्ड हा ट्रॅपिस्ट मठ १८३५ पासून आहे. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडात स्थापन झालेला तो पहिला कायमचा मठ. तेथील बंधू गाई पाळून गुजराण करीत. दुधाला भाव मिळेना, म्हणून २०१४ साली त्यांनी गाई काढल्या, आणि २०१८ मध्ये ‘टिंट मेडो’ नावाची बिअर बाजारात आणली. ती काळसर आणि शेकडा ७.४ एवढी जोरकस, बिटर नव्हेच. दुधाच्या धंद्यात हात पोळलेल्या आमच्या शेतकरी बंधूंना ही हकीकत परकी वाटणार नाही.

बर्टनची मात्र पडझड होत राहिली. बासने आपल्या युनियन १९८० च्या दशकारंभी मोडल्या. मार्स्टन्स या एकाच कंपनीकडे त्या चालू राहिल्या. गावातील बिअरचे संग्रहालय २०२२ साली बंद झाले. आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले की मार्स्टन्सच्याही युनियन आता थांबणार: खप घटला, देखभाल परवडत नाही. १८३८ पासूनची रीत, एका पत्रकात संपली. मठ मोडला गेला तेव्हा राजाचा हुकूम आला होता. या वेळी हिशेबाचा कागद आला, एवढाच फरक. त्या पिंपांचे काय होणार, याची चर्चा सुरू असताना अमेरिकेतील ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी पुढाकार घेतला, आणि युनियनचा एक संच थॉर्नब्रिजने घेतला. बर्टनची ओकची पिंपे ट्रकमध्ये चढून बेकवेलला गेली, तेथे पुन्हा ओळीने मांडली गेली आणि त्याच वर्षी त्यांत बिअर आंबू लागली. छोट्या कारखान्याने मोठ्याच्या अडगळीतून हा वारसा उचलला. पाणी मात्र आता बर्टनच्या विहिरीचे नाही.

हे सारे पुतण्याने आणि पबच्या मालकीणबाईने मिळून आम्हांला सांगितले. काही आम्ही नंतर ग्रंथालयात पडताळून पाहिले. बाईंनी हातपंपाची मूठ आमच्या हाती दिली. ती ओढावयास वाटते त्याहून जड असते. या पंपाचे पेटंट जोसेफ ब्रामा याने १७९७ साली घेतले होते आणि त्यात फारसा बदल झालेला नाही. तोवर आमच्या अर्ध्या पाइंटाला पाऊण तास लागला होता आणि पेयाचा फेस काचेवर एकाखाली एक कड्यांनी वाळला होता. प्रत्येक घोटाची एक कडी.

“काका, अजून अर्धा?” पुतण्याने विचारले.

आम्ही नको म्हटले. पाच वाजता डर्बीची बस होती आणि त्याला रात्रपाळी होती.